राजा एक घर बाजूला

घाटकोपरला मेट्रोचं दार बंद होतं. रविवारची सकाळ, डबा निम्मा रिकामा. अंधेरीला उतरून बोरिवलीची गाडी पकडायची आणि एका शाळेच्या हॉलमध्ये दिवसभर रॅपिड स्पर्धा खेळायची, एवढाच तुमचा बेत. जागृती नगर जातं, असल्फा जातं, साकीनाका जातं. मरोळ नाक्याला दार उघडतं तेव्हा आत जी हवा येते ती मुंबईच्या कुठल्याच महिन्यातली नसते. नाकपुड्या आतून झोंबतात. तुम्ही उतरता, कारण मागून कुणीतरी ढकलतंय, आणि जिना चढून वर येता तो थेट मॉस्कोत. साल १९३५, हिवाळा उतरणीला लागलाय.

ज्या भुयारातून वर आलात ते अजून लोकांसाठी उघडलेलं नाही. मॉस्कोची मेट्रो १५ मे १९३५ ला सुरू होणार आहे, म्हणजे तुम्ही तिचे पहिलेच आणि बिनतिकिटाचे प्रवासी. घाटकोपर-वर्सोवा मार्गाला अजून ७९ वर्षं आहेत. तिकडे तुमची अंधेरी या घडीला मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नाही. १९२० साली ठाण्यापासून तोडून काढलेल्या उपनगर जिल्ह्यातलं ते एक स्टेशन आहे. बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावायला लागून सातच वर्षं झाली आहेत.

मोबाइल खिशातच ठेवा. रेंज येणार नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे त्यात जे इंजिन आहे ते तुम्हाला पाच सेकंदांत सगळं सांगून टाकेल. आपण इथे पाच तास बसायला आलोय.

वोल्खोन्का रस्त्याने चला. डाव्या-उजव्या बाजूला बघत बसू नका, बर्फ घसरडा आहे. एका मोठ्या खड्ड्यापाशी आलात की थांबा. इथे तारणहार ख्रिस्ताचं भलंमोठं कॅथेड्रल होतं. डिसेंबर १९३१ मध्ये ते सुरुंग लावून पाडलं, तिथे सोव्हिएतांचा महाल उभा राहायचाय. तो कधीच उभा राहणार नाही, पण हे इथे कुणाला सांगू नका. समोर पांढऱ्या खांबांची रांग दिसते ते ललितकला संग्रहालय. याला पुश्किनचं नाव अजून दोन वर्षांनी मिळेल. आत डेव्हिडचा प्रचंड पुतळा आहे, प्लास्टरचा, मूळ फ्लॉरेन्सला. आणि आज त्याच्याकडे पाठ करून लोक भिंतीवर टांगलेल्या बुद्धिबळाच्या पटांकडे माना वर करून बघतायत.

कोट दाराशी द्यावा लागतो. तुमच्याकडे कोटच नाही, म्हणून बाई तुमच्याकडे विचित्र नजरेने बघते आणि सोडते.

आत वीस खेळाडू आहेत, दहा टेबलं. बारा सोव्हिएत आणि आठ परदेशी. बोत्विनिक तेवीस वर्षांचा आहे, चष्मा लावून, बँकेत नुकत्याच लागलेल्या मुलासारखा ताठ बसलेला. फ्लोर आहे, श्पीलमान आहे, लिलिएन्थाल आहे. एका टेबलाशी महिला जगज्जेती वेरा मेन्चिक बसली आहे. ती जन्मली याच शहरात आणि ही स्पर्धा तिच्यासाठी फार वाईट जाणार आहे. पण पुरुषांच्या स्पर्धेत बाईने बसावं की नाही, हा प्रश्न इथे कुणी काढलेला नाही. आपल्याकडे तो १९७६ मध्येही निघेल. गिरगावच्या खाडिलकर भगिनींतली रोहिणी राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांसमोर बसेल आणि तेव्हा केवढा गहजब होईल!

गर्दीत घुसा. मुंबईकर आहात, तुम्हाला हे शिकवायला नको.

काळ्या सोंगट्यांमागे बसलाय तो होजे राऊल कापाब्लांका. वय ४६. सूट असा की हिवाळ्याचा त्याच्याशी काही संबंध नसावा. या शहराचा तो लाडका आहे. दहा वर्षांपूर्वी इथेच स्पर्धेला आला असताना एका मूकपटात स्वतःच्याच भूमिकेत चमकून गेला. १९२१ मध्ये जगज्जेता झाला, १९२७ मध्ये अलेखाइनकडून हरला, आणि परतीचा सामना मिळवण्यासाठी तेव्हापासून झटतोय. त्याच्या खेळाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा: तो चुकत नाही असं लोक मानतात. हरणं ही त्याच्या बाबतीत बातमी असते. चारेक वर्षांपूर्वी हेस्टिंग्जला पंजाबच्या मीर सुलतान खानने त्याला हरवलं, ती अशीच बातमी झाली होती.

पांढऱ्या सोंगट्यांमागचा म्हातारा इमानुएल लास्कर. सिगार आहे, केस विस्कटलेले, खांदे पुढे झुकलेले. जन्म २४ डिसेंबर १८६८, म्हणजे ६६ पूर्ण. आपल्याकडे या वयाला साठी बुद्धी नाठी म्हणून मोकळे होतात.

हा १८९४ पासून १९२१ पर्यंत, सत्तावीस वर्षं, जगज्जेता होता. इतका काळ ते पद दुसऱ्या कुणाकडेच राहिलेलं नाही, त्याच्या आधीही नाही आणि तुम्ही जिथून आलात तिथवरही नाही. गणितात डॉक्टरेट आहे. बीजगणितात लास्कर-नोएथर प्रमेय म्हणून जे शिकवतात त्यातला लास्कर हाच. आइनस्टाइनशी त्याचा स्नेह. ब्रिज खेळतो, तत्त्वज्ञानावर लिहितो. आणि ते सत्तावीस वर्षांचं पद हवानाच्या उकाड्यात ज्याने हिसकावून घेतलं तो आज समोर बसलाय. चौदा डाव झाले होते: चार कापाब्लांकाचे, दहा बरोबरीत, लास्करचा एकही नाही.

मग हा म्हातारा इथे का आलाय? हौसेने, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९२५ नंतर त्याने मोठ्या स्पर्धा जवळजवळ सोडल्याच होत्या. बर्लिनमध्ये घर होतं, बाहेर शेतजमीन होती, बायको मार्था होती, निवृत्ती चांगली चालली होती. १९३३ मध्ये हिटलर आला. लास्कर पती-पत्नी ज्यू. घर गेलं, जमीन गेली, साठवलेलं गेलं आणि वयाच्या पासष्टीला हा माणूस पोटासाठी पुन्हा पटाशी आला. गेल्या वर्षी झुरिकला खेळला, पाचवा आला, आणि तिथे मॅक्स ऑयवेविरुद्ध वजीर देऊन डाव जिंकला. तो ऑयवे या डिसेंबरात जगज्जेता होणार आहे. एवढं माहीत असलं की त्या विस्कटलेल्या केसांकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेने बघाल.

डाव सुरू झालाय. फ्रेंच बचाव. पहिल्या चौदा खेळ्यांत काही विशेष घडत नाही. दोन्ही घोड्यांच्या जोड्या कापून जातात, दोघंही कॅसलिंग करतात. तुमच्या शेजारचा दाढीवाला जांभई देतो. बरोबरी होणार, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलंय, आणि त्यात वावगं काही नाही. या दोघांच्या आयुष्यातल्या बहुतेक डावांचं तेच झालंय.

पण तुम्ही कापाब्लांकाच्या वजिरावर नजर ठेवा. बाराव्या खेळीला तो डी५ वर येतो. सोळाव्याला ए५ वर, पटाच्या पार कडेला, जिथे त्याचं काही काम नाही. लास्कर आपला वजीर सी२ वर ठेवतो, उंटाच्या मागे, आणि दोघांचा रोख एच७ वर जातो. तेवढ्यासाठी कापाब्लांकाला जी प्यादं एक घर पुढे सारावं लागतं. एकोणिसाव्याला त्याचा वजीर परत डी८ वर, घरी. विसाव्याला जी५. बाविसाव्याला ई७. वजिराची नुसती वणवण. ज्या माणसाच्या खेळात एक खेळी फुकट जात नाही असं जग म्हणतं, त्याने याच डावात वजिराच्या खेळ्या अशा उधळाव्यात हे मला अजूनही नवलाचं वाटतं. लास्करने तेवढ्या वेळात काय केलं? एच प्यादं दोन घरं, मग आणखी एक घर. आणि काळ्या घरातल्या उंटांची अदलाबदल.

इथे जरा थांबा, कारण माझ्या मते डाव इथे फिरला, आणि भिंतीकडे बघणाऱ्यांपैकी फारसं कुणी त्यासाठी मान हलवलेली नाही. काळ्याने प्यादं जी६ वर आणलं की त्याच्या राजाभोवतीची एफ६ आणि एच६ ही काळी घरं उघडी पडतात. त्यांची राखण करणारा एकच गडी असतो, जी७ वरचा काळ्या घरातला उंट. लास्करने ई५ वरून तो गडीच कापून घेतला. उरला काळ्याचा दुसरा उंट, पांढऱ्या घरांतला. आता त्याची प्यादी मोजा: बी७, सी६, ई६, एफ७. सगळी पांढऱ्या घरांत. म्हणजे उंट आपल्याच माणसांनी कोंडलेला, आणि काळ्या घरांना वाली कुणी नाही.

पुढच्या खेळ्या आता तुम्हाला आपोआप कळतील. लास्करचा हत्ती ई५ वर बसतो, काळ्या घरात. चोविसाव्या खेळीला वजीर मागे, सी१ वर जातो. शेजारचा दाढीवाला भुवया उंचावतो. मागे कशाला? तुम्ही बोटाने हवेत तिरकी रेघ ओढा: सी१, डी२, ई३, एफ४, जी५, एच६. सगळी काळी घरं, आणि रेघ थेट राजाच्या अंगणात संपते. दुसरा हत्ती ई३ वरून एच३ वर सरकतो. कापाब्लांकाचा उंट डी७ वरून मागे सी८ वर जातो, एक हत्ती जी८ वर, दुसरा डी८ वर, राजा एफ८ वर. जागा करून द्यावी तसे सगळे सरकतायत.

सत्ताविसावी खेळी: वजीर एच६ वर, शह. हत्ती जी७ वर आडवा येतो. प्याद्याने प्यादं मारलं, प्याद्याने परत मारलं.

एकोणतिसावी खेळी. लास्कर पांढऱ्या घरातला उंट उचलतो आणि जी६ चं प्यादं खातो.

भिंतीवरच्या पटापाशी उभा असलेला मुलगा काठीने उंटाची पाटी जी६ वर अडकवतो आणि हॉलमध्ये एकदम गलका होतो. तिकडे पंच हात वर करून शांत राहायला सांगतायत. दाढीवाला तुमचा दंड पकडून रशियनमध्ये काहीतरी सांगतोय. तुम्हाला भाषा कळत नाही, पण तो काय विचारतोय ते कळतं: खाऊन टाक की! एफ प्याद्याने उंट खाल्ला तर? तर वजीर एच८ वर शह देतो, राजा एफ७ वर येतो, हत्ती एफ३ वर शह देतो, वजीर मध्ये घालावा लागतो आणि मागे डी८ चा हत्तीही जातो. जी७ च्या हत्तीने खायचं म्हटलं तर तो हलूच शकत नाही. हलला की राजा वजिराच्या माऱ्यात. फुकटचा उंट डोळ्यांसमोर आहे आणि कुणालाच खाता येत नाही.

कापाब्लांका हातांवर हनुवटी ठेवतो. वजीर एफ६ वर आणतो. एकाच खेळीत उंटावर आणि ई५ च्या हत्तीवर डोळा. छान खेळी आहे, या घडीला दुसरी चांगली नाही. लास्कर हत्ती जी५ वर नेतो. हत्ती सुटला, उंटाला जोर मिळाला. काळा राजा ई७ वर सरकतो, म्हणजे जी७ चा हत्ती मोकळा. लगेच पांढरा हत्ती एफ३ वर येऊन वजिराला भिडतो. आता वजीर पळवण्यात अर्थ नाही. कापाब्लांका वजिराने हत्ती घेतो आणि वजीर जाऊ देतो.

गर्दीतले निम्मे लोक इथे हुश्श करतात. वजीर मिळाला, संपलं! काही जण बोत्विनिकच्या टेबलाकडे वळतातसुद्धा. वर्तमानपत्रांतही डावाची गोष्ट बहुधा इथेच संपते: म्हाताऱ्याने उंट टाकला, टाळ्या, पडदा. मला हे पटत नाही. तुम्ही जागचे हलू नका.

पटाकडे नीट बघा. बत्तिसाव्या खेळीला पांढऱ्याच्या जी प्याद्याने एफ३ वर वजीर घेतलाय, त्यामुळे त्याच्याच राजासमोरची जी फाईल सताड उघडी झालीय. राजा जी१ वर. त्याच ओळीत वर त्याचा हत्ती जी५ वर, उंट जी६ वर, आणि त्यांच्या पलीकडे काळ्याचे दोन्ही हत्ती, एकामागे एक, जी७ वर आणि नुकताच डी८ वरून येऊन जी८ वर. पांढरा वजीर एच६ वर. उंट तर जाणारच आहे. तुम्ही पांढऱ्याकडून काय खेळाल? बोरिवलीच्या रविवारच्या स्पर्धेत, घड्याळात चार मिनिटं उरलेली असताना, वजीर मिळाल्याच्या आनंदात तुम्ही कुठलं तरी प्यादं ढकलाल. मीही ढकलेन.

ढकललं तर काय होतं? काळा हत्ती जी६ वर उंट खातो. पांढरा हत्ती तो हत्ती खातो. दुसरा काळा हत्ती जी६ वर परत खातो, आणि त्या क्षणी राजाला शह बसतो, आणि त्याच हत्तीच्या बाजूला एच६ वर वजीर माऱ्यात उभा असतो. शह आहे म्हणून वजीर पळवता येत नाही. गेला वजीर. गेला डाव. सत्तावीस वर्षांची जगज्जेतेगिरी, डॉक्टरेट, जी६ चा उंट, सगळं एका प्यादं-ढकलीत वाया.

लास्कर हात पुढे करतो आणि राजा जी१ वरून एफ१ वर ठेवतो. एक घर बाजूला.

टाळी नाही. मुलगा काठीने पाटी सरकवतो. आता तेच सगळं होऊ द्या: हत्तीने उंट, हत्तीने हत्ती, हत्तीने हत्ती. पण शह नाही. वजीर आरामात एच२ वर उतरतो. हा डाव ज्या खेळीसाठी मला आवडतो ती हीच. बलिदान करणारे पुष्कळ असतात. टाळ्या सुरू असताना, आता आपला काय घात होऊ शकतो हे बघणारा डोळा साठी उलटल्यावरच येतो की काय, असं वाटायला लावणारी ही खेळी आहे. तेविसाव्या वर्षी बोत्विनिकलाही ती दिसली असती, हे खरं. पण हा विचार सध्या बाजूला ठेवू या.

आता हिशेब. पांढऱ्याकडे वजीर आणि सहा प्यादी. काळ्याकडे हत्ती, उंट आणि पाच प्यादी. शाळेत शिकवलेल्या गुणांनी मोजाल तर वजिराचे नऊ, हत्ती-उंटाचे आठ. म्हणजे फार मोठी आघाडी नाही. त्यातून पांढऱ्याची एफ फाईलमधली दोन प्यादी एकावर एक, दिसायला कुरूप. अशा स्थितीत हत्ती आणि उंटाने एकमेकांना जोर देऊन एक पक्की भिंत उभी केली तर वजिराने दिवसभर घिरट्या घातल्या तरी काही हाती लागत नाही. कापाब्लांकाला नेमकं तेच हवंय. शेवटच्या टप्प्यात त्याच्यासारखा कुणी नाही. हरलेले डाव त्याने असेच वाचवलेत, बरोबरीतले असेच जिंकलेत.

म्हणून लास्करने पहिलं काम कुठलं केलं ते बघा. वजीर एफ४ वर, मध्यभागी. काळा राजा डी७ वर, एफ प्यादं एफ६ वर. आणि मग पांढऱ्याचं सी प्यादं एक घर पुढे, सी४ वर. त्या एका पावलाने डी५ चं घर बंद. काळ्याच्या उंटाला आयुष्यात बसायला एकच चांगली जागा होती, ती हीच. भिंतीची कोनशिलाच काढून घेतली. मग वजीर एच४ वर, एच७ वर शह, एच८ वर शह, आणि तिथून तिरका खाली येऊन एफ६ चं प्यादं गट्ट. आठवतंय का, कुठल्या रंगाची घरं? एच२, एफ४, एच४, एच८, एफ६. एका शहाचा अपवाद सोडला तर वजीर सगळा काळ्या घरांतून फिरलाय, जिथे काळ्याचा उंट मान वर करून बघूही शकत नाही. अठराव्या खेळीला उंट ई५ वर ठेवला तेव्हा जे सुरू केलं, ते एकेचाळिसाव्या खेळीला वसूल होतंय.

लास्करबद्दल एक जुनी समजूत आहे, तुम्हीही ऐकली असेल: तो पटावर नाही, समोरच्याच्या मनावर खेळायचा, मुद्दाम वाईट खेळ्या करून प्रतिस्पर्ध्याला बिथरवायचा. या डावात मला एकही मुद्दाम वाईट खेळी सापडत नाही. इथे मनाचे खेळ नाहीत, चौसष्ट घरांपैकी बत्तीस घरं आहेत. गणिताच्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची.

पुढचं सगळं मी खेळीनिशी सांगत नाही. कापाब्लांका झुंजतो. हत्ती इकडून तिकडे लावतो, राजाला प्याद्यांआड ठेवतो. लास्करला घाई नाही. दाढीवाला तुमच्या खांद्याला टेकून डुलक्या घेतोय. डाव साठीच्या घरात शिरतो तेव्हा कापाब्लांकाकडे करण्यासारखं काही उरत नाही आणि तो हात पुढे करतो.

आत्ता टाळ्या वाजतात. डेव्हिडच्या पायथ्याशी असलेला माणूस टोपी उडवतो. लास्कर उठताना टेबलाचा आधार घेतो. कापाब्लांकाविरुद्ध त्याने आयुष्यात गंभीर स्पर्धांत दोनच डाव जिंकले: एक १९१४ मध्ये पीटर्सबर्गला, तेव्हा कापाब्लांका पंचविशीत होता, दुसरा हा, एकवीस वर्षांनी.

स्पर्धा संपेपर्यंत थांबलात तर तक्ता असा लागलेला दिसेल: बोत्विनिक आणि फ्लोर १३, लास्कर साडेबारा, कापाब्लांका १२. एकोणीस डावांत म्हातारा एकदाही हरला नाही. सहा जिंकले, तेरा बरोबरीत. पुढे बुद्धिबळपटू रूबेन फाइन याने या कामगिरीला जैविक चमत्कारच म्हटलं. शब्द भारी आहे, पण मला तो जरा चुकीच्या जागी लागलेला वाटतो. चमत्कार म्हटलं की त्यामागचं सी१ आणि एफ१ झाकलं जातं.

लास्कर दांपत्य याच शहरात राहायला येईल. १९३७ मध्ये इथली हवाही बदलेल आणि ते अमेरिकेला निघून जातील. बरं झालं. ही स्पर्धा भरवण्यात ज्याचा पुढाकार होता त्या क्रिलेन्कोला त्याच्याच सरकारने १९३८ मध्ये गोळी घातली. लास्कर जानेवारी १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात वारला. चौदा महिन्यांनी कापाब्लांकाही त्याच रुग्णालयात गेला.

आणि याच १९३५ साली आपल्याकडे? कापाब्लांकाला हरवणारा सुलतान खान तोवर हिंदुस्थानात परतला होता. त्याने आपल्या व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला आणि खाडिलकरांना त्यातून एकच बरोबरी मिळाली. त्यानंतर सुलतान खान मोठ्या बुद्धिबळातून जवळपास दिसेनासाच झाला. तो तेव्हा तिशीत होता. लास्करला सासष्टाव्या वर्षी मॉस्को मिळालं. सुलतान खानला तिशीनंतर काहीच मिळालं नाही. दैव नावाची गोष्ट बुद्धिबळात नसते म्हणतात, ते पटापुरतंच खरं असावं. स्वतंत्र भारताची पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायला १९५५ उजाडलं. त्यात महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते. भारताला ग्रँडमास्टर मिळायला १९८८, आणि मुंबईकर प्रवीण ठिपसे यांना ते पद मिळायला १९९७.

आता तुमच्याशी थेट बोलतो. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठेही रविवारच्या स्पर्धेत जा, पन्नाशी ओलांडलेले तीन-चार जण एका कोपऱ्यात चहा पीत बसलेले असतात. त्यांची गाठ पडते आठ-नऊ वर्षांच्या पोरांशी, ज्यांच्या ओपनिंगच्या पंधरा खेळ्या पाठ आहेत आणि ज्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. ही मंडळी हरली की म्हणतात, आता वय झालं, गणित होत नाही. थोडं होत नसेलही. पण बहुतेक वेळा ते वजीर मिळाल्यानंतर हरतात, आधी नाही. आघाडी घेतली की पाणी प्यायला उठतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर रागावू नका, तुमचे डाव लिहिलेले कागद काढून बघा.

म्हणून एक करा. जी६ चा उंट आणि त्याच्या टाळ्या इंटरनेटवर सगळीकडे मिळतात, त्या सोडून द्या. चौतीस खेळ्या झाल्यानंतरची स्थिती मांडा. पांढरे: राजा एफ१, वजीर एच६, प्यादी ए३, बी२, सी३, डी४, एफ२, एफ३. काळे: राजा ई७, हत्ती जी६, उंट सी८, प्यादी ए७, बी७, सी६, ई६, एफ७. समोर सोसायटीतल्या सगळ्यात हुशार पोराला काळ्या बाजूने बसवा आणि इंजिन बंद ठेवा. खेळी पांढऱ्याची आहे, आणि वजीर माऱ्यात आहे.